आधी पातळी, मग पंगत

खांबेटेभाऊजी कुठेही गेले की आधी टेबलाचा कोपरा बोटाने दाबून बघतात. टेबल डुगडुगलं की खिशातून पुठ्ठ्याची घडी निघते, भाऊजी वाकतात, घडी पायाखाली जाते आणि मगच मेन्यू उघडला जातो. माझ्या मुलीच्या लग्नात, लेस्टरच्या हॉलमध्ये, अंतरपाट धरलेला, गुरुजींनी सूर लावलेला, आणि हा माणूस मुठीत अक्षता घेऊन नवरदेवाच्या पायाशी ओणवा. पाट हलत होता म्हणे. नवरदेवाला वाटलं, कोणी वडीलधारे आपल्या पाया पडताहेत. तो बिचारा घाबरून पाटावरून खालीच उतरला.

"पृथ्वी गोल आहे हे मला मान्य," भाऊजी म्हणतात, "पण म्हणून आपण तिरकं बसायचं का?"

वॉटफर्डच्या आसपासचे रस्ते मोजण्यात या सर्व्हेअरची सगळी नोकरी गेली. खिशात पुठ्ठा आणि गाडीत पाणसळ. म्हणजे लाकडाची ती हातभर पट्टी, पितळेने मढवलेली, मधे काचेची नळी आणि नळीत एक बुडबुडा. बुडबुडा नळीवरच्या दोन रेघांच्या मधोमध आला की जागा सपाट. बाकी सगळे स्पिरिट लेव्हल म्हणतात, भाऊजी पाणसळच म्हणतात. त्यांचे वडील साताऱ्याकडे गवंडीकाम करायचे, त्यांच्या हातची ती.

आता भाऊजी मला भेटले कुठे, तर एका शेतात. आमचं एक मंडळ आहे, 'बिऱ्हाड' नावाचं. सभासद व्हायला दोनच अटी: मराठी यावं आणि घराला चाकं असावीत. दर वर्षी मे संपता संपता जो बँक हॉलिडे येतो, तेव्हा श्रॉपशरमधल्या एका गावाबाहेर, मेंढ्या हलवून मोकळ्या केलेल्या शेतात आम्ही आपापल्या कॅराव्हॅन गाडीमागे ओढत जमतो. शनिवारी दुपारी शेताच्या कडेलाच असलेल्या गावाच्या हॉलमध्ये स्नेहसंमेलन. मिसळ, अंताक्षरी, बायकांच्या फुगड्या, आणि कोपऱ्यात बसलेल्या शेतमालकीणबाई, ज्यांना मिसळीने दर वर्षी घाम फुटतो आणि तरी ज्या दर वर्षी दुसऱ्यांदा वाढून घेतात. एके काळी अठरा बिऱ्हाडं असायची. आता सहा. बाकीच्यांचे गुडघे गेले, नाहीतर माणसं.

कॅराव्हॅन लावणं म्हणजे नुसतं पार्किंग नव्हे. शेत कधीच सपाट नसतं. एका बाजूचं चाक पाचरीवर चढवायचं, मग ओढणारी गाडी सोडवायची, पुढचं छोटं चाक हँडल फिरवून खाली-वर करायचं, आणि शेवटी चार कोपऱ्यांचे चार पाय जमिनीला टेकवायचे. आम्ही हे पंधरा मिनिटांत उरकायचो. भाऊजींना दीड तास. इकडे आमची भजी तळून व्हायची, तिकडे हे हँडलशी आणि त्यांची बायको शैला आत, पाणसळीशी. "केसभर वर," आतून शैला. "आता?" बाहेरून भाऊजी. "जरा जास्त झालं." कोणी ओरडलं, अहो या की, भजी गार होताहेत, तर ठरलेलं उत्तर यायचं:

"आधी पातळी, मग पंगत."

मी यावर पुष्कळ हसले आहे. मी तेव्हा चाळिशीची होते आणि स्वतःला फार हुशार समजत होते. केस कापलेले, गॉगल डोक्यावर, तोंड कायम चालू. आज ती बाई मला रस्त्यात भेटली, तर मी रस्ता ओलांडून पलीकडे जाईन.

आमचं पहिलं वर्ष. ते चार कोपऱ्यांचे पाय बिय टेकवत बसायला मला वेळ नव्हता. मी आमच्या ह्यांना म्हटलं, "तुम्हीसुद्धा आता खांबेटे होणार का?" आणि श्रीखंडाची वाटी घेऊन कॅराव्हॅनच्या पार मागच्या बाकावर जाऊन ऐसपैस बसले. तेव्हा मी अंगाने बरी होते. मागचा भाग सावकाश जमिनीला टेकला, पुढचा आकाशाकडे निघाला, आणि पुढच्या कपाटातल्या कपबशा, मोजे, मेतकुटाची बरणी असं सगळं माझ्या भेटीला आलं. दारात सगळ्यात आधी पोचले ते खांबेटे. ते हसले असते, तर मला राग तरी आला असता. ते शांतपणे म्हणाले, "वहिनी, उठू नका. तुम्ही उठलात की पुढचं टोक खाली आपटेल."

मग सगळं मंडळ जमेपर्यंत मी तशीच बसून, गुडघे कपाळाला, हातात श्रीखंड. लोकांनी फोटो काढले. ते अजून निघतात.

हा सल मी वर्षभर जपून ठेवला. पुढच्या वर्षी शैला पाण्याची कॅन भरायला गेली होती, तेव्हा भाऊजींनी मला हाक मारली, "वहिनी, जरा आत जाऊन बुडबुडा सांगता का?" पाणसळ डावीकडच्या बाकावर ठेवलेली होती. वर, खाली, केसभर, अर्धा केस. हॉलमधून तर्रीचा वास येत होता आणि मला कडकडून भूक लागली होती. बुडबुडा नळीच्या कडेला होता. मी खिडकीतून म्हटलं, "मधोमध."

"नक्की?"

"अहो, अगदी नाकासमोर."

त्यांनी विश्वास ठेवला. मी तीन वाट्या मिसळ खाल्ली. दुसऱ्या दिवशी शैला बाहेर आलीच नाही, त्यांचे पडदे दिवसभर ओढलेले. मी चहाचा कप हातात घेऊन सगळ्यांना सांगत फिरले, "राणीसाहेब अजून उठल्या नाहीत."

कारण शैलाला मी मिजासखोर ठरवून टाकलं होतं. चण देखणी, बोलणं हळू, चालताना खुर्चीला, भिंतीला, नवऱ्याच्या बाहीला हात. फुगडीला ओढायला गेलं की हसून म्हणायची, "तुम्ही घाला, मी टाळ्या वाजवते." मी म्हणायचे, साडी चुरगळेल ना बाईंची. इतकी वर्षं टाळ्याच वाजवल्या तिने. सहा वर्षांपूर्वी गेली. भाऊजी त्यानंतरही येत राहिले, एकटेच. आत बुडबुडा बघायचे, बाहेर येऊन हँडल फिरवायचे, परत आत. दीड तासाचे अडीच तास झाले.

या वर्षीचं संमेलन त्यांचं शेवटचं. डोळे गेले, म्हणजे अर्धे गेले. "कडेचं सगळं दिसतं," त्यांनी मला फोनवर सांगितलं, "मधलंच तेवढं दिसत नाही." त्यामुळे गाडी चालवणं बंद. कॅराव्हॅन विकून टाकली. क्रॉयडनहून त्यांचा मुलगा येऊन ती शेतात उभी करणार, रविवारी संध्याकाळी परत येणार आणि थेट नव्या मालकाच्या दारात नेणार. मधे एकच मुक्काम. मंडळाने ठरवलं, शनिवारी चार वाजता हॉलमध्ये भाऊजींना शाल आणि नारळ द्यायचा.

चार वाजले. साडेचार झाले. शाल टेबलावर, नारळ शालीवर, आणि भाऊजींचा पत्ता नाही. शेतमालकीणबाई एकदा मिसळीकडे, एकदा घड्याळाकडे बघत होत्या. आमचे हे गुडघे धरून खुर्चीवरूनच म्हणाले, "जा, तू आण त्यांना. तुझंच ऐकतील." हे त्यांनी कशावरून ठरवलं, कोण जाणे. माझं आमच्या घरात कोणी ऐकत नाही.

मी शेत तुडवत गेले. पाचर लावून मुलगा निघून गेला होता. भाऊजी पुढच्या छोट्या चाकाशी, ओल्या गवतात गुडघे टेकून बसलेले, हात हँडलवर. पण फिरवत नव्हते.

"भाऊजी, सगळे थांबलेत. चला."

त्यांनी वर बघितलं. माझ्याकडे नाही, माझ्या खांद्याच्या जरा पलीकडे. हल्ली ते तसंच बघतात. सरळ बघितलं तर माणूस नाहीसा होतो म्हणे.

"दुपारपासून आत-बाहेर करतोय," ते म्हणाले. "नळी दिसते. दोन्ही रेघा दिसतात. नेमका बुडबुडा दिसत नाही."

"एक रात्र तर झोपायचंय. राहू द्या ना थोडं तिरकं."

ते हँडल पुसत बसले. मग म्हणाले, "वहिनी, जरा आत जाऊन बुडबुडा सांगता का?"

तीस वर्षांनी तोच प्रश्न. मी पायरीवर पाय ठेवला.

"आणि मधेच उभ्या राहा. मागे जाऊ नका, पाय अजून टेकवलेले नाहीत."

"माहीत आहे हो."

आत दोन बाजूंना दोन बाक, रात्री त्यांचेच बिछाने होतात. उजवीकडे भाऊजींच्या गोळ्या, रेडिओ आणि चुरगळलेलं ब्लँकेट. डावीकडे इस्त्रीची चादर, उशीवर धुतलेला अभ्रा, आणि चादरीच्या बरोबर मधे पाणसळ. मला एकदम कळलं, की पाणसळ कायम इथेच असायची. जमिनीवर नाही, टेबलावर नाही, स्वतःच्या बाकावर तर कधीच नाही.

"भाऊजी," मी खिडकीतून म्हटलं, "ही शैलाची जागा."

"हो." बाहेरून आवाज आला. "तिच्या कानाचा आजार होता. तोल जायचा. उतारावर आडवी झाली, की सगळं गरगरायचं, उलट्या व्हायच्या. घरी ठीक होतं. पण तिला इथे यायचं असायचं. तुमच्या सगळ्यांच्यात."

"तीस वर्षं कोणाला बोलला नाहीत."

"तिला नको होतं. म्हणायची, कळलं की सगळे माझ्याशी हळू बोलायला लागतील, मला खुर्च्या आणून देतील. मग आमचं ठरलं, खूळ माझं आहे असं लोकांना वाटू दे. तसंही माझ्या चेहऱ्याला शोभतं."

मला पडदे ओढलेला तो रविवार आठवला. तोंड उघडायला मला वेळ लागला, आणि माझ्या बाबतीत ही बातमी आहे.

"भाऊजी, त्या वर्षी मी खोटं सांगितलं होतं. बुडबुडा मधे नव्हता."

"माहीत आहे. सकाळी मी बघितला ना."

"मग मला बोलला का नाहीत?"

"मी निघालोच होतो तुमच्याकडे. तिने बाही धरली. म्हणाली, राहू दे, भूक लागली असेल तिला."

मी चादरीकडे बघत उभी राहिले. तीस वर्षं मी त्या बाईची मिजास मोजत होते. तिने मात्र मला एकाच वाक्यात सोडून दिलं होतं, तेही ओकाऱ्या काढून झाल्यावर.

मी चष्मा साडीच्या पदराने पुसला आणि वाकले. "खाली घ्या. अजून. थांबा. केसभर वर." आता मला कळलं, केसभर म्हणजे किती. "जास्त झालं. अर्धा केस खाली." हॉलमधून तर्रीचा वास येत होता. आमचे हे हॉलच्या दारात येऊन हात हलवत होते. मी त्यांना हातानेच बसा म्हटलं. बुडबुडा पुढे सरकायचा, मागे यायचा. त्याला काही घाई नव्हती. शेवटी तो दोन रेघांच्या मधे आला आणि तिथे राहिला.

"मधोमध."

"नक्की?"

"नक्की. भूक लागलेली असूनही."

ते हसले. चारही पाय टेकवून आत आले. कपाटातली स्टीलची वाटी काढली, चादरीवर ठेवली आणि तांब्यातून पाणी ओतलं, अगदी काठोकाठ. मग एक बोट वाटीच्या कडेवरून गोल फिरवलं. ते एका जागेवरून निघालं आणि फिरून त्याच जागी आलं. बोट सगळीकडे सारखंच ओलं. वाटी त्यांनी तशीच बिछान्यावर राहू दिली, दार लोटलं, आणि माझ्या कोपराला धरून शेतातून निघाले.

हॉलमध्ये शाल झाली, नारळ झाला, आमच्या ह्यांनी तीन मिनिटांचं भाषण पंधरा मिनिटं केलं. शाल ठेवलेलं टेबल चांगलंच डुगडुगत होतं, पण भाऊजींनी खिशात हात घातला नाही. मिसळ संपत आली तेव्हा बायका फुगडीला उठल्या. आता मोजून पाच जणी, त्यातल्या दोघींना नवे गुडघे. त्यांनी मला हाताला धरून ओढलं. गेल्या वर्षीपर्यंत मला ओढावं लागत नव्हतं, मी इतरांना ओढायचे.

"तुम्ही घाला," मी म्हटलं. "मी टाळ्या वाजवते."

समोर बसलेल्या भाऊजींनी मान वळवली. त्यांना मधलं दिसत नाही, म्हणून कोणाकडे बघायचं असलं की ते जरा बाजूला बघतात. माझ्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे ते बघत राहिले, फुगडी संपेपर्यंत.

माझ्याकडेच बघत असतील. मी टाळ्या चुकू दिल्या नाहीत.