सणसम्राटांची फजिती

"जगातला एक जरी सण मला ठाऊक नसेल, तर मिशी उतरवीन!" असं हेडक्लार्क येता-जाता सांगत. त्यांना मिशी नव्हती, ही गोष्ट वेगळी!

कचेरीत त्यांना सगळे सणसम्राट म्हणत. आज कुठल्याशा बेटावर लोकरकापणीचा सण, उद्या डोंगरी लोकांचा उशीपूजनाचा दिवस, असं सांगून ते जुन्या साहेबांकडून सगळ्यांना अर्धी सुट्टी मिळवून देत. वर केकही कापला जाई.

मग साहेब निवृत्त झाले आणि परदेशातून नव्या मॅडम आल्या. सणसम्राटांच्या ज्ञानावर मॅडम बेहद्द खूश! मॅनेजरची रिकामी खुर्ची आता त्यांनाच मिळणार, असं जो तो म्हणू लागला.

अशातच एका सकाळी सणसम्राट हसतमुखाने मॅडमच्या खोलीत गेले.

"नमस्कार मॅडम! चहा सांगू?"

मॅडम गप्प. नुसत्या टक लावून बघत राहिल्या.

"कॉफी?"

तरी गप्प! आपलं बिंग फुटलं की काय, असं सणसम्राटांना वाटलं. बाहेर येऊन त्यांनी टायपिस्टबाईंना गाठलं.

"बाई, उशीपूजनाचं मॅडमना कुणी सांगितलं?"

"काय सांगायचंय त्यात?"

"अहो, तो सण मी बनवलेला!"

"अगंबाई!" बाई किंचाळल्या. "मी दरवर्षी सासूबाईंना उशीपुढे हात जोडायला लावते हो!"

चोराच्या मनात चांदणं! सणसम्राट तसेच परत आत धावले. दार लावायचंही भान राहिलं नाही.

"मॅडम, उशीपूजन खोटं!"

मॅडम गप्प.

"लोकरकापणीही खोटी!"

मॅडमच्या भुवया कपाळात गेल्या, पण तोंडातून शब्द नाही. आता मात्र सणसम्राटांचा धीर सुटला.

"राजाच्या मांजरीचा वाढदिवससुद्धा माझाच! आणि दुपारी मी फायलींच्या खोलीत झोपतो! आता तरी काहीतरी बोला हो, मॅडम!"

मॅडमनी तोंडावर हात ठेवला. दाराशी अख्खी कचेरी आ वासून उभी होती. तेवढ्यात मॅडमचा ड्रायव्हर गर्दीतून वाट काढत आत आला.

"साहेब, त्या कशा बोलतील? आज त्यांच्याकडे मौनाचा सण! दिवस मावळेपर्यंत बोलायचं नाही, फक्त दुसऱ्याचं ऐकायचं."

सणसम्राट मटकन खाली बसले.

"अरे, मग कालच सांगायचं नाही का कुणी!"

"मी म्हटलं होतं ना, दारावर पाटी लावू या. तर मॅडम म्हणाल्या, कशाला? हेडक्लार्कना माहीत असणारच!"