भगर आणि बुधवार

भालचंद्र साहेबांना संकष्टीला राजूरच्या गणपतीचं दर्शन घ्यायचं होतं, म्हणून जिल्ह्यातल्या समुपदेशकांचं प्रशिक्षण राजूरला ठेवण्यात आलं. आदेशात कारण 'शांत वातावरण' असं दिलं होतं. प्रत्यक्षात मंगल कार्यालयाच्या एका बाजूला प्रसादाची दुकानं होती, दुसऱ्या बाजूला गाड्यांचा तळ, आणि देवळाचा भोंगा हॉलच्या खिडकीकडे तोंड करून होता. साहेबांचा उपवास म्हणजे सगळ्यांचाच उपवास. नाश्त्याला भगरीचा उपमा आणि जेवायला भगर-आमटी, हेही साहेबांनीच ठरवलं होतं.

दैवशाला भोकरदनहून पहिल्या एसटीने आली होती. भोकरदनला दर बुधवारी ती समुपदेशनाला बसत असे. झोप न लागणारे, दारू सोडू पाहणारे, बाळंतपणानंतर गप्प झालेल्या बायका, परीक्षा म्हटलं की हातपाय गार पडणारी मुलं, सगळे बुधवार धरून येत. गेल्या आठवड्यात साहेबांचा निरोप आला होता : यापुढे दर बुधवारी दैवशालाने जालन्याला यायचं आणि सगळ्या तालुक्यांची माहिती संगणकात भरायची. तिचं टायपिंग चांगलं होतं, एवढाच तिचा गुन्हा.

आज साहेबांना 'नाही' म्हणायचं, असं ठरवूनच ती घरातून निघाली होती. एसटीत तिने वाक्य तयार केलं, दोनदा मनात म्हणूनही पाहिलं. साहेब हॉलच्या दारातच भेटले.

"साहेब, बुधवारचं जरा बोलायचं होतं."

"हा, दहाला या. बराबर दहाला. आणि ते बॅनर वाकडं लागलंय, जरा बघता का?"

"हो साहेब," दैवशाला म्हणाली आणि खुर्चीवर चढली.

बॅनरनंतर माईक, माईकनंतर चहा कमी पडला म्हणून दूध, दुधानंतर प्रशिक्षकाचा चार्जर. कुणाला काहीही लागलं की लोक म्हणत, "दैवशाला मॅडमला सांगा." आणि मॅडम उठत. उठणं हा तिचा स्वभाव आहे असं सगळे समजत. तिलाही अलीकडे तसंच वाटू लागलं होतं.

प्रशिक्षक मुकुल रात्रभर प्रवास करून पुण्याहून आला होता. त्याचा आवाज इतका मऊ होता की मागच्या रांगेला तो अर्धाच पोहोचत असे.

"तुम्ही दिवसभर लोकांची दुःखं ऐकता," तो म्हणाला. "ती तुमच्या शरीरात साठतात. शरीर सतत पळायच्या तयारीत राहतं. आपल्या मज्जासंस्थेला आपण हळुवारपणे सांगायचं, की संकट टळलंय."

"अन् टळलं नसंल तर?" वाटूरकडच्या आदिनाथने विचारलं.

"तरी सांगायचं," मुकुल म्हणाला.

मग त्याने सगळ्यांना उभं केलं. जनावरं संकटातून सुटली की अंग झटकतात, माणूस ते विसरला, असं सांगून त्याने आधी हात थरथरवायला लावले, मग पाय, मग सगळं अंग. त्यानंतर डोळे मिटून, ओठ बंद ठेवून घुमायला सांगितलं. स्वयंपाकाचं काम घेतलेल्या झुंबरबाई चहाची किटली घेऊन दारात आल्या आणि तिथेच थबकल्या. त्यांच्या मागे कार्यालयाचे व्यवस्थापक काकासाहेब उभे होते.

"काय झालं ह्यांना?" झुंबरबाईंनी विचारलं.

"शिकून राह्यलेत."

"थरथरायला शिकाया लागतं?"

"सरकारी हाय. लागत असंल."

घुमणं संपल्यावर मुकुलने विचारलं, "आपल्याला 'नाही' म्हणायचं असतं आणि आपण 'हो' म्हणतो, तेव्हा ते 'नाही' शरीरात कुठे अडकतं? डोळे मिटा आणि शोधा."

कुणी म्हणालं पोटात, कुणी म्हणालं मानेत. दैवशालाने गालावर हात ठेवून पाहिलं. "जबड्यात," ती म्हणाली.

"आमच्या टीममध्ये कुणाचं काही अडकत न्हाई," पहिल्या रांगेतून साहेब म्हणाले. "सगळे हो म्हणतात." सगळे हसले. दैवशालाही हसली, म्हणजे जबडा सोडून बाकीची हसली.

जेवताना साहेबांनी भगर दोनदा मागून घेतली आणि झुंबरबाईंच्या हाताची तारीफ केली. मग मोबाईल जमा करायला ठेवलेल्या स्टीलच्या पातेल्यात सगळ्यांच्या आधी आपला मोबाईल टाकून, "जरा हवा खाऊन येतो" म्हणून ते मागच्या दाराने गेले. दार देवळाच्या बाजूला उघडत होतं.

दुपारी सतरंज्यांवर सगळ्यांना उताणं झोपवण्यात आलं. बाकीचे मोबाईलही त्या पातेल्यात जमा झाले आणि पातेल्यावर झाकण पडलं. खिडक्यांवर पडदे ओढून मुकुल स्वतःही मंचावर आडवा झाला.

"आता अर्धा तास कुणी उठायचं नाही," तो म्हणाला. "कुणी हाक मारली तरी उत्तर द्यायचं नाही. आवाज येतील, आवाज जातील. जे होतंय ते फक्त जाणवू द्या. आत्ता कुणालाही तुमची गरज नाही."

हे शेवटचं वाक्य दैवशालाला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. तिने ते पुन्हा एकदा मनात म्हणून पाहिलं. खांदे सतरंजीला टेकले.

"उजव्या पायाचा अंगठा," मुकुल म्हणाला. "उजवा घोटा. उजवा... गुडघा. आता... लक्ष... हळूहळू... डाव्या..."

डाव्या पायाची पाळी आलीच नाही. दैवशाला डावा पाय तयार ठेवून वाट पाहत राहिली. थोड्या वेळाने मंचावरून घरघर ऐकू आली. रात्रीचा प्रवास आणि दुपारची भगर एकत्र येऊन प्रशिक्षक झोपला होता. बाकीचे तर त्याच्याही आधी झोपले होते. शासनाने झोपायची परवानगी दिल्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

उष्टी ताटं न्यायला झुंबरबाई आत आल्या. पडद्याआडच्या अंधारात त्यांना ओळीने पडलेली माणसं दिसली. मंचावर पुण्याचा माणूस तोंड उघडं टाकून पडला होता, एक हात खाली लोंबत होता, आणि घशातून घरघर येत होती. कोपऱ्यात झाकलेलं पातेलं आपोआप गुरगुरत होतं.

"अगं माय," झुंबरबाई म्हणाल्या. "भगर बाधली."

दैवशालाचा गुडघा आपोआप वाकला. कुणी 'अगं माय' म्हटलं की तो वाकतोच. तिला ते जाणवलं, आणि तिने तो पुन्हा सरळ केला. हॉलमध्ये एवढे लोक होते, त्यांतल्या एकाला तर बोलण्याचे पैसे मिळत होते. उठू दे की कुणालातरी.

कुणी उठलं नाही. काकासाहेब धावत आले. त्यांनी आदिनाथला गदागदा हलवलं. आदिनाथ झोपेत म्हणाला, "हं... येतो..."

"जीव हाय अजून," काकासाहेब म्हणाले आणि त्यांनी १०८ ला फोन लावला. झुंबरबाईंनी कांदा फोडून एकेकाच्या नाकाशी धरायला सुरुवात केली.

एक वाक्य बोललं की सगळं थांबेल, हे दैवशालाला कळत होतं. ते वाक्य आपणच का बोलायचं, हे मात्र कळत नव्हतं. कांदा नाकाशी आला तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ती हलली नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती मिळालेल्या सूचनेच्या बाजूने आणि सगळ्या जगाच्या विरुद्ध होती, आणि पाठीला सतरंजी फार छान लागत होती.

संकष्टीच्या गर्दीसाठी रुग्णवाहिका गावातच उभी होती, त्यामुळे दैवशालाला विचार बदलायलाही वेळ मिळाला नाही. बरोबर डॉक्टर श्रद्धा आल्या, नव्या आणि तडफदार. उपवासाच्या दिवशी भगर बाधल्याच्या केसेस त्यांनी पाहिल्या होत्या.

"कधीपासून त्रास होतोय यांना?"

"सकाळपासून," झुंबरबाई म्हणाल्या. "चहा द्याला गेल्ते तं समदे उभ्यानं थरथरू राह्यल्ते. मंग घुमले. जेवले अन् पडले."

"सकाळी काय खाल्लं होतं?"

"भगरच."

डॉक्टरांना आणखी पुराव्याची गरज उरली नाही. एव्हाना काही लोक जागे होऊन बसले होते. झोपेतून उठल्यामुळे त्यांना नीट उभं राहता येत नव्हतं.

"मॅडम, आम्हाला काही झालं न्हाई," आदिनाथ म्हणाला.

"सुरुवातीला असंच वाटतं," डॉक्टर म्हणाल्या. "धरा यांना."

मुकुल मंचावर दचकून उठला आणि म्हणाला, "डावा गुडघा." त्याला स्ट्रेचरवर घेण्यात आलं.

आता झुंबरबाईंच्या लक्षात आलं की सगळा ठपका आपल्या पातेल्यावर येतोय. त्या कमरेला पदर खोचून उभ्या राहिल्या. "माझ्या हातची भगर आजपतोर कुणाला बाधली न्हाई. सोता निवडली, सोता रांधली. म्या तुमच्याम्होरं खाते." आणि त्यांनी खरंच वाटीभर भगर खाल्ली. "बघा. काय झालं मला?"

"तुम्ही आधीपण खाल्ली होती?"

"मंग? समद्यांच्या आधी."

"मग या, गाडीत बसा," डॉक्टर म्हणाल्या. "सगळे मिळाले ना? अजून कुणी खाल्लेलं राहिलं का?"

झुंबरबाई गाडीच्या पायरीवर थांबल्या. "मोठ्या साहेबांनी दोनदा खाल्ली. ते कुठं पडलेत कोण जाणे."

साहेब हॉलमध्ये नव्हते. मागच्या अंगणात नव्हते. त्यांचा फोन पातेल्यात गुरगुरत होता, कारण आधी टाकून त्यांनीच सर्वांना आदर्श घालून दिला होता. शेवटी काकासाहेब देवळाकडे पळाले, आणि थोड्याच वेळात भोंग्यावरची आरती मध्येच थांबली.

"भक्तांना सूचना. जालन्याहून आलेले भालचंद्र साहेब, भालचंद्र साहेब. आपण भगर खाल्ली आहे. आपण जिथे असाल तिथे खाली बसा. अजिबात चालू नका. साहेबांच्या आजूबाजूच्या भक्तांनी साहेबांना धरून ठेवावं."

साहेब तेव्हा रांगेत अगदी गाभाऱ्याच्या जवळ पोहोचले होते. अनवाणी, घामाघूम, हातात दूर्वा आणि नारळ. पुढच्या माणसाने वळून पाहिलं. "तुम्हीच का?"

साहेबांसमोर दोनच रस्ते होते. आपण ठणठणीत आहोत असं म्हटलं, तर कामाच्या वेळी, प्रशिक्षण सोडून, रांगेत काय करत होतो ते सांगावं लागणार होतं. त्यांनी क्षणभर मूर्तीकडे पाहिलं आणि ते खाली बसले.

"चक्कर आल्ती," ते म्हणाले. "हवा खायला निघालो होतो."

दवाखान्यात सगळ्यांच्या बोटाला नाडी मोजायचा चिमटा लावण्यात आला. डॉक्टर श्रद्धा एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जाताना गोंधळत गेल्या. सगळ्यांच्या नाड्या उत्तम होत्या. दैवशालाची तर त्यांनी दोनदा मोजली. "इतका शांत पेशंट मी अजून पाहिला नाही," त्या म्हणाल्या. पलीकडच्या खाटेवरून मुकुलने समाधानाने मान हलवली.

साहेबांची नाडी मात्र धावत होती. रक्तदाबही वाढलेला होता. "बाधा खरी यांनाच झालीय," डॉक्टर म्हणाल्या. बाकीच्यांना थोडा वेळ बसवून ठेवायचं, आणि साहेबांना सलाईन लावून उद्यापर्यंत ठेवून घ्यायचं, असं ठरलं. झुंबरबाईंनी जाता जाता साहेबांच्या खाटेशी थांबून सांगितलं, "समदे चांगले निघाले. माझी भगर न्हाई बाधली. तुम्हाला रांग बाधली."

दैवशाला शेजारच्या खाटेवर बसली होती. साहेबांनी हळूच हाक मारली.

"मॅडम, तुम्ही सांगा ना यांना. मला काही झालं न्हाई."

"मला कसं कळणार साहेब? माझे डोळे मिटलेले होते."

 सलाईनच्या नळीतून थेंब पडत राहिले. मग सवयीनं त्यांना काम आठवलं.

"बरं, ते बुधवारचं विसरू नका. दहाला, जालन्याला."

दैवशालाने जबडा सैल सोडला. आत जे होतं ते बाहेर आलं.

"न्हाई."

"काय?"

"न्हाई साहेब. बुधवारी भोकरदनला पेशंट येतात. मी तिथंच बसणार."

"अहो, पण आदेश..." साहेब उठू लागले. चिमट्याला जोडलेलं यंत्र टीटी करायला लागलं. डॉक्टर धावत आल्या.

"यांना बोलू देऊ नका. नाडी बघा किती झालीय."

"पडून राहा साहेब," दैवशाला त्यांची उशी सरळ करत म्हणाली. "आवाज येतील, आवाज जातील. आत्ता कुणालाही तुमची गरज नाही."

मोबाईलचं पातेलं दवाखान्यात आलं होतं. तिने आपला मोबाईल शोधून घेतला. त्यावर घरचे, ऑफिसचे, मामेभावाचे फोन येऊन गेले होते. 'बरी आहे' एवढंच घरी कळवून तिने तो बंद केला आणि भोकरदनची एसटी धरली.

बुधवारी ती जालन्याला गेली नाही. सकाळपासून मात्र साहेबांची जीप कधी दारात येईल याकडे तिचा कान होता. भोकरदनला बाकडं भरलेलं होतं, जागा नसलेले भिंतीला टेकून बसले होते. अकराच्या सुमारास जीप आलीच.  दैवशालाने चप्पल काढून दोन्ही पाय फरशीवर घट्ट टेकवले आणि समोरच्या पेशंटला म्हणाली, "हं, तुम्ही बोला."

बाहेर साहेब सरळ दाराकडे निघाले होते. बाकड्यावरच्या चतुराबाई नावाच्या आजींनी काठी आडवी घातली.

"ओ दादा, लाइनीत या."

"मी जालन्याहून आलोय. साहेब आहे."

"हितं आम्ही बी कुणी ना कुणी हावोत. बसा."

साहेब बसले. एक एक माणूस आत जात होता, बाहेर येत होता, आणि मागून नवा येऊन बसत होता. साहेबांनी ते सगळं पाहिलं. आपल्याला आतल्या बाईंना काय सुनवायचं आहे, ते त्यांनी जीपमध्ये तयार करून ठेवलं होतं. त्यांचा नंबर लागेपर्यंत त्यातलं फारसं उरलं नाही.

आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं.

"मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले, "रात्री झोप लागत न्हाई. डोळे मिटले की तो भोंगा ऐकू येतो. चालू नका, चालू नका म्हणतो."

"बसा," दैवशाला म्हणाली. "बूट काढा. तळपाय फरशीला टेकवा. आता जबडा सोडा."

साहेबांनी जबडा सोडला.  बाहेरून चतुराबाईंनी दार वाजवलं, तरी दैवशाला उठली नाही.

"एका दिवसात होणारं काम न्हाई हे," शेवटी ती म्हणाली. "पुढच्या बुधवारी परत यावं लागेल. इथंच."

"हो मॅडम," साहेब म्हणाले.