केर्गेलेन बेटाच्या किल्लेदारापासून ओटी मंजूर करून घेतली त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. जाणत्यांनी ऐकावे, नेणत्यांनी मध्ये तोंड न घालता ऐकावे. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, कार्तिक वद्य पक्षी, प्रांत वर्धा, मौजे पिपरी मेघे येथील अखंडितप्रतापी देवकाबाई, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण दुसरी, तेही मास्तर आजारी पडल्याने अर्धे, यांनी दक्षिण समुद्रीच्या किल्लेदारासी आपल्या बैठकीतून झुंज दिली आणि त्यास तहास आणिले, ते वर्तमान पदरची मीठमिरची न घालता लिहिले असे.

मोहिमेचे कारण ऐसे जे, बाईंची नात शाल्मली, गवताच्या शास्त्रात मोठी पंडिता, तीस फरासीस म्हणजे फ्रेंच सरकारचा खलिता ईमेलाने आला की केर्गेलेन बेटी वर्षभर चाकरीस यावे. मग बाईंचे पुत्र प्रभाकरराव, भूगोलाचे मास्तर, यांनी शाळेचा पृथ्वीगोल घरी आणिला, आणि वर्ध्यावर बोट ठेवून नाकासमोर खाली ओढीत नेले, तो हिंदुस्थान संपला, लंका बाजूस राहिली, समुद्रच समुद्र लागला, आणि गोलाच्या बुडाचा स्क्रू जवळ आला तेव्हा माशीने बसून घाण केल्यासारखा ठिपका दिसला. तेच बेट.

मुलूख थोर, विस्ताराने अवघ्या वर्धा जिल्ह्याहून थोडा अधिकच. परंतु झाड एक नाही, पाऊस आडवा, आणि वारा ऐसा की उभ्या माणसाने वाकूनच बोलावे. रयत म्हणावी तर पेंग्विन आणि सील. ते अर्ज करीत नाहीत आणि मोर्चाही काढीत नाहीत. मूळचा रहिवासी कोणी नाही. शास्त्री, सुतार, आचारी मिळून हिवाळ्यात पन्नासेक असामी. तरी कारभार पुरता. सुभेदार हजार कोसांवर रेयुनियाँ नामे दुसऱ्याच बेटी बसून अमल चालवितो, त्याचा किल्लेदार बेटावर राहतो, तोच कोतवाल, तोच जन्ममृत्यू नोंदणारा, आणि डाकघरही आहे. जहाज वर्षातून चार वेळा.

हे ऐकून बाईंची मर्जी खप्पा जाहली. "माणूस नाई तिथं कोतवाल हाये, डाकघर हाये! अन् आपल्या लेआउटात दोनशे घरं, तरी नालीचा मालक कोण ते तीन वर्षांत कोणाले समजलं नाई. तिथं जाऊन तू करशील काय वं?"

"आजी, बाहेरून आलेलं तण उपटायचं. बेटाचं मूळचं गवत वाचवायचं."

"म्हणजे निंदायले चालली? अवं, एवढे वर्ष कॉलेजात घातले अन् निंदायलेच जायचं होतं, तर बारा वर्षांची होती तेव्हाच नेली असती ना माझ्यासंगं!"

ऐसे तोंडाने बोलिल्या, आणि संध्याकाळपर्यंत सात घरी सांगून आल्या की नातीस फरासीसाने बोलाविले.

परंतु सुभ्याचा कायदा सख्त. बेटी परमुलखाचे बी, माती, किडा जाऊ नये. सामान घरीच झाडून किल्लेदारास मोबाईलवर दाखवावे. उगवते बी सापडल्यास बेटी जाण्याचे दस्तक रद्द, आणि जहाज कोणासाठी थांबत नाही. सबब शाल्मलीने आजीस विनंती केली की या वेळी ओटी नको, तांदूळ तर मुळीच नको.

आता कुवारीची ओटी भरत नाहीत हा इतर घरांचा रिवाज. या घरचा रिवाज देवकाबाई ठरवितात. या उंबऱ्यातून लांब जाणारी लेक रित्या ओटीने गेली नाही. कारण की बाई स्वतः तरुणपणी एकदा गाडी चुकेल म्हणून माहेरून बिना ओटीच्या निघाल्या, आणि पुढे आईची भेट जाहली नाही. हे त्यांनी यजमान किसनरावांसही सांगितले नव्हते. परंतु बखर लिहिणारास सर्व ठाऊक असते.

मग बाईंनी गनिमी कावा योजिला. नात स्नानास गेली ऐसे पाहून पाच ओंजळी तांदूळ, नारळ, सुपारी खणात बांधून बॅगेच्या तळाशी दडविले, आणि वर स्वेटरांची तटबंदी केली. गाठ मात्र घाईत सैल राहिली.

दुपारी किल्लेदार ल्यूकसाहेब मोबाईलात प्रकट जाहले. मोबाईल पापडाच्या डब्यास टेकविला होता. किसनराव वर्तमानपत्राआड तटस्थ राहिले. शाल्मलीने बॅग उचलून उलटी धरिली, तो सरसर सरसर तांदळाचा पाऊस फरशीवर पडिला, आणि नारळ गडगडत थेट मोबाईलासमोर येऊन थांबला.

सून मेघा कपाळास हात लावून म्हणाली, "आई, हे तुमीच केलं ना?" नात खाली बसली आणि रडू लागली. "आजी, गेली माझी नोकरी."

मागे हटणे बाईंच्या रक्तात नाही. पदर खोचिला, मोबाईलासमोर मांडी घातली, आणि नातीस दुभाष्याचे काम सोपविले.

"इचार त्याले, तुमच्या खानावळीत भात शिजते का नाई?"

किल्लेदाराने कळविले की शिजतो, आठवड्यातून दोनदा.

"मग तो काय दगडाचा असते? अन् हा काय बियाण्याचा हाये?"

किल्लेदाराने कळविले की तो खाद्य म्हणून येतो, हा बी म्हणून दिसतो.

"बी?" बाईंनी मूठभर तांदूळ उचलून त्याच्या नाकासमोर धरिले. "माझं माहेर भंडाऱ्याकडलं, धानाचं. धान उगवते, बापू. हे गिरणीत सडलेलं, घासलेलं तांदूळ. कोंब येते ते टोकच याले राह्यलं नाई. पेरून पाय. उगवलं तर माझं नाव बदलवजो!"

किल्लेदाराने डोळे बारीक करून दाण्याचे टोक न्याहाळिले. मग बाईंनी आपणहून सुपारी मागे घेतली आणि फर्माविले, "नारळ मात्र कोंबारते, ते मले मान्य हाये. त्याच्याऐवजी खोबऱ्याची वाटी देतो. पण तू जे पाहून राह्यला ते उगवत नाई, अन् जे उगवते ते तू पाहिलंच नाई. शालू, ते जोडे आण."

हे जोडे शाल्मली आष्टीकडील माळावर गवत धुंडाळताना घालीत असे. तीन वेळा यंत्राने झाडले होते. बाईंनी गोधडीची सुई घेतली, चष्मा कपाळावर सारिला, आणि डोळ्यांनी नव्हे, बोटांनी शिवण चाचपू लागल्या. जोड्याच्या जिभेच्या अस्तरातून एक कुसळ निघाले. मग दुसरे. मग नाडीच्या भोकाआडून तीन. मोज्याच्या दुमडीतून गोखरू. चाळीस वर्षे लुगड्यातून कुसळे वेचलेल्या बोटांपुढे ते यंत्र काय टिकणार?

"हे उगवते," बाई म्हणाल्या. "रुतते, दडून राह्यते, अन् पाणी भेटलं का उगवते."

किल्लेदार खुर्चीवरून उभा राहिला. तण उपटणारीच तण घेऊन येत होती, हे त्याच्या ध्यानी आले. नातीच्याही आले, आणि तिचे रडे थांबले. मग किल्लेदाराने हुकूम केला की सर्व सामान मादाम देवका यांच्या हातून तपासावे, तरच दस्तक कायम. बाई उन्हात बसल्या, बॅगेची प्रत्येक शिवण उसविली, वेचिली आणि पुन्हा शिवली. एकूण त्रेचाळीस बिया कैद होऊन चुलीत गेल्या.

तह ठरला तो ऐसा जे, तांदूळ धुऊन, वाळवून, बंद डब्यात खाद्य म्हणून न्यावे. खोबऱ्याची वाटी चालेल. खण नवा व धुतलेला असावा. आणि ओटी भरण्याच्या कामी सुभेदाराने अगर किल्लेदाराने दखल देऊ नये.

निघण्याच्या दिवशी मेघाने उंबऱ्यात ओटी भरिली, बाईंनी कुंकू लाविले, आणि वर्धा टेसनावर गाडी हलेपर्यंत नातीस धाकात ठेविले की डबा कोणाजवळ देजो नोको.

मार्गशीर्षात जहाज बेटी पोहोचले. किल्लेदाराने झडती घेतली, बी एक निघाले नाही. ओटीचा भात खानावळीत शिजला आणि सर्व असामींनी घास घास खाल्ला; एक दाणा भूमीस लागू दिला नाही. हे वर्तमान नातीने फोनवर सांगितले, वाऱ्याच्या आवाजात निम्मे ऐकू आले.

बाईंनी शाबासकी दिली नाही, ख्यालीखुशाली विचारिली नाही. इतकेच बोलिल्या, "परत कवा येतं, ते सांग."

नातीने पुढील सालचा महिना सांगितला. त्या सालचे कॅलेंडर अद्याप घरात आले नव्हते, म्हणून बाईंनी तो कुंकवाच्या बोटाने देवघराच्या भिंतीवर लिहिला, आणि तो कोणी पुसू नये ऐसा हुकूम फिरविला. येणेप्रमाणे देवकाबाईंची फत्ते जाहली. हे खरे असे.