चार आण्यांची पाताळकन्या

शाळेच्या संमेलनात विमला एकदाही न अडखळता भाषण करून खाली उतरली आणि त्या दिवसापासून तिचा स्वतःच्या मतावर भारी विश्वास बसला. त्याआधी आमटीत मीठ बरोबर आहे का असं कुणी विचारलं, तर ती आधी आईच्या तोंडाकडे बघायची. आता न विचारताच सांगायची. नववीच्या वर्गात तर तिच्या शब्दाला कोर्टाच्या निकालाइतकं वजन आलं होतं. फरक एवढाच, की कोर्टाच्या निकालावर अपील तरी करता येतं.

त्यामुळे बाजारातल्या नझीरशेटच्या रिकाम्या वखारीत ‘पाताळकन्या’ आली आणि तिला बघायला चार आणे टाकावेत की नाही असा प्रश्न उभा राहिला, तेव्हा तो फिरून फिरून विमलाकडेच येणार हे उघड होतं.

पाताळकन्या म्हणजे धड नसलेली बाई. टेबलावर ताट, ताटात नुसतं मुंडकं, आणि ते मुंडकं बोलतं. टेबलाखाली म्हणाल तर काही नाही, आरपार मागची भिंत दिसते. असं बघून आलेले लोक सांगत. तिचे मालक प्रोफेसर सखाराम, मुक्काम मिरज. काळा कोट, कोटाला चेन, चेनीला घड्याळ नाही. लहान असो की थोर, तिकीट चार आणे. आणि पुढच्या बोटीनं सगळा पसारा वेंगुर्ल्याला जाणार, म्हणजे ठरवायचं ते लगेच ठरवायला हवं होतं.

वर्ग पेटला. पण यमुनाबाई भूमिती शिकवायच्या आणि आयुष्यातली कुठलीही गोष्ट सिद्ध झाल्याशिवाय मानायच्या नाहीत. त्यांचं म्हणणं पडलं, की तुमच्यातल्या कितीतरी जणींचे बाप-भाऊ समुद्रावर जीव घालून कमावतात, ते मुंडक्यावर उधळायला नव्हे. मात्र आत खरंच बघण्यासारखं काही असेल, तर उद्या अख्खा वर्ग त्या स्वतः घेऊन जातील. एकीनं आज जावं, डोळे उघडे ठेवून बघावं आणि चार आण्यांचं आहे की नाही ते येऊन सांगावं. ती सांगेल ते शेवटचं.

“मी सांगते बाई,” विमला उभी राहून म्हणाली. “मी नुसता आत पाय टाकला तरी मला कळेल. खोटं माझ्यापुढे टिकत नाही.”

“नाही टिकलं तरी टिकलं म्हणून सांग गं,” शेजारून इशरत कुजबुजली. ती नझीरशेटची पुतणी. पण काकाच्या वखारीतसुद्धा तिला फुकट प्रवेश नव्हता, आणि त्या अपमानानं ती दोन दिवस नीट जेवली नव्हती. बाकीच्या मुली तर विमलाकडे अशा बघत होत्या, जणू मांडवी बंदराच्या धक्क्यावर उभ्या राहून बोटीची वाट बघताहेत.

आता मुलीच्या जातीनं अंधाऱ्या वखारीत एकटीनं कसं जायचं? म्हणून आईनं सोबत गंगूआत्याला दिलं. ही विमलाच्या वडलांची थोरली बहीण, देवरुखाच्या पलीकडच्या गावची. आत्या रत्नागिरीत आली होती ती काळजीपोटी. तिचा मुलगा आत्माराम बोटीवर कोळसा मारायच्या कामाला होता. गणपतीला येतो म्हणाला होता, आला नाही, आणि कुणी काही खबरही आणली नाही. बंदरावर चौकशी करावी म्हणून ती एक पिशवीभर नारळ घेऊन भावाकडे येऊन राहिली होती आणि दिवसभर कुणाशी फारसं बोलत नव्हती. आई म्हणाली, जाऊ दे, तिचंही मन जरा रमेल. पाताळकन्या म्हणजे काय हे तिला कुणी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. पिशवी तेवढी बरोबर घेतली.

वखारीत सुक्या खोबऱ्याचा जुना वास होता. एक गॅसबत्ती सूं सूं करत होती. दोरीच्या अलीकडे पंचवीस-तीस माणसं, पलीकडे काळा पडदा. प्रोफेसरांनी पडदा ओढला.

खरंच मुंडकं होतं. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, केस मोकळे, डोळे दमलेले. खाली टेबलाचे पाय, पायांमधून मागची भिंत.

“तुझं धड कुठं आहे?” प्रोफेसरांनी दरडावून विचारलं.

“पाताळात,” मुंडकं म्हणालं.

“भूक लागत नाही?”

“पोटच नाही, तर भूक कुठली?”

लोक हसले. विमला हसली नाही. ती परीक्षक होती. तिनं डोळे बारीक केले, टेबलाचे पाय मोजले आणि तिच्या लक्षात आलं, की मागची म्हणून जी भिंत दिसते तिच्यावरचा ओलीचा डाग बाजूच्या भिंतीवरच्या डागासारखा आहे. सारखा म्हणजे तोच, फक्त उलटा. आरसा! परावर्तनाचा धडा तिला तोंडपाठ होता. तिनं मनातल्या मनात निकालही लिहून टाकला, की युक्ती बरी, बाई दमलेली, किंमत दोन आणे. त्याच क्षणी तिला शेजारची जागा रिकामी लागली.

गंगूआत्या दोरीखालून पलीकडे गेली होती. पदर डोक्यावरून घेतलेला, हातात नारळ. तिनं मुंडक्यापुढे हात जोडले.

“आये,” ती म्हणाली, “माजा आत्माराम बोटीवर हाय. गनपतीला येतो म्हनला नि आला नाय. कसा हाय तो?”

असला प्रश्न खेळात नव्हता. प्रोफेसर म्हणाले, आजी, फक्त नाव-गाव विचारा. मुंडक्यानं प्रोफेसरांकडे पाहिलं, मग आत्याकडे पाहिलं. त्या मुंडक्याचं खरं नाव गोदा. ती प्रोफेसरांची बायको, आणि ती मिरजेहून निघाली तेव्हापासून तिला असं कुणीच विचारलं नव्हतं.

“बरा हाय त्यो,” मुंडकं हळूच म्हणालं. “येतोय. रडू नका तुमी.”

आत्यानं डोळ्याला पदर लावला. विमलाच्या निकालात दोन आण्यांचे चार आणे झाले. पण हे बाईंना सिद्ध करून कसं दाखवायचं, ते काही तिला सुचेना.

सगळं इथंच थांबलं असतं. पण गर्दीत धाकू गुरव होता. चार आणे देऊन गंमत बघायला आलेला, पण गुरव तो गुरवच. तो पुढे झाला आणि म्हणाला, की देवाला असं भाजीचा भाव विचारल्यासारखं विचारायचं नसतं, त्याला रीत आहे, आधी सगळ्यांनी चपला दारात काढा. त्यानं नारळ आत्याच्या हातून घेतला, कपाळाला लावला आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं सुरू केलं.

“हे पाताळच्या आये, म्हाराजा! आज ही तुजी लेकरा तुज्या पायाशी आली हायत...”

“व्हय म्हाराजा!” अख्खी वखार म्हणाली.

पाय नव्हते ही गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. त्याला इलाज नाही. कोकणात गाऱ्हाणं कानावर पडलं, की तोंड आपल्याला न विचारता ‘व्हय म्हाराजा’ म्हणतं. तिसऱ्या खेपेला विमलाच्या लक्षात आलं, की सगळ्यात मोठा आवाज तिचाच येतोय. भाषणाची सवय.

गाऱ्हाणं संपल्यावर धाकूनं नारळ देवीच्या पायाशी म्हणून टेबलाखाली सोडला. नारळ घरंगळत निघाला, तसा पलीकडून दुसरा नारळ त्याला सामोरा आला. दोघं टकरले, टण्ण झालं आणि दोघंही थांबले. एक नारळ देवीनं घेतला आणि एक प्रसाद म्हणून परत धाडला, ह्यात कुणाला शंका उरली नाही. विमला म्हणाली, की अहो, ते प्रतिबिंब आहे. पुढच्या बाईनं तिला गप्प बस म्हणून कोपरानं ढोसलं.

मग प्रत्येकाचं काही ना काही निघालं. कुणाची म्हैस आटली होती, कुणाचा जावई मुंबईला जाऊन साहेब झाला होता आणि ओळख देत नव्हता. गोदाबाई बिचारी सगळ्यांना ‘बरं व्हईल’ म्हणत राहिली. शेवटी तिचा घसा बसला.

“च्या द्या कुणीतरी,” ती म्हणाली.

समोरच्या हॉटेलातून चहा आला. आत्यानं बशीत ओतला, फुंकर घालून निववला आणि मुंडक्याच्या ओठांना लावला. मुंडकं सगळा चहा प्यायलं. कोपऱ्यात कमाल तांडेल मघापासून हाताची घडी घालून उभे होते. मचव्यावर आयुष्य काढलेला माणूस, उगीच बोलायचा नाही.

“आमच्यात हे मानत नाहीत,” ते विचार करून म्हणाले. “पण मघाशी ती पोट नाही म्हणाली. मग चा गेला कुठं?”

ही बातमी बाजारात पोचायला पान लावण्याइतकाही वेळ लागला नाही.

बाहेर रांग लागली, पण हातात नारळ घेऊन. प्रोफेसर दारात उभे राहून तिकीट, तिकीट म्हणू लागले, तर लोक त्यांच्याकडे असे बघू लागले, जणू ते गाभाऱ्यात विडी ओढताहेत. देवीला कुठं तिकीट असतं? एका म्हातारीनं त्यांनाच पुजारी समजून नारळ दिला, फोडायला लावून एक भकल परत मागून घेतलं आणि तुमचा कोट तेवढा सोवळ्यातला नाही, असं बजावून गेली. खेळ भरगच्च चालला होता आणि पैशांचा डबा रिकामा होता.

प्रोफेसर अखेर विमलाजवळ आले. घामानं त्यांच्या मिशीचा रंग ओघळला होता.

“पोरी, तू शिकलेली दिसतेस. मघाशी प्रतिबिंब म्हणालीस ते मी ऐकलं. आता तूच सांग ह्यांना, की हे सगळं खोटं आहे. मी सांगतो तर मलाच नास्तिक म्हणतात. लोकांना पटवून दे, उद्या तुझा सगळा वर्ग फुकट आत सोडतो.”

सगळा वर्ग, आणि तोही फुकट! विमला टेबलाशेजारच्या खोक्यावर चढली. असं भाषण तिनं संमेलनातही केलं नव्हतं. प्रकाश सरळ रेषेत जातो इथपासून तिनं सुरुवात केली. आपाती किरण आणि परावर्तित किरण तिनं हातांनी करून दाखवले. टेबलाच्या पायांमध्ये तिरपे आरसे आहेत, दिसते ती भिंत बाजूची आहे आणि बाईंचं अंग आरशांच्या मागे आहे, हे तिनं अगदी सिद्ध केलं. यमुनाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं असतं.

लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग आत्या म्हणाली, “बरा. पन देवान आरशात ऱ्हाव नये, असा कुटं लिवलाय?”

लोकांनी माना डोलावल्या. मुद्दा बिनतोड होता.

आता एकच उपाय उरला. विमलानं टेबलाकडे बोट केलं आणि म्हणाली, “काकू, बाहेर या.”

गोदाबाईलाही तेच हवं होतं. ताट दुभंगलं, टेबलामागून हात आले, मग खांदे आले आणि हिरव्या लुगड्यातली सबंध बाई सगळ्यांसमोर उभी राहिली. दुपारपासून मुडपून बसल्यानं तिच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. ती डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली, केस तोंडावर आले, तोंडातून ‘हुं हुं’ असा आवाज निघाला.

“आये सबंद रूपान आली,” आत्या पुटपुटली.

“वारा आला अंगात,” धाकू गुरव म्हणाला आणि आडवा झाला. त्याच्यामागोमाग वखार आडवी झाली. कमाल तांडेलांनीसुद्धा डोक्यावरची टोपी सारखी केली. उभे होते ते प्रोफेसर, आणि खोक्यावर बोट रोखलेली विमला.

गोदाबाईनं टेबलाला धरून सगळ्यांकडे पाहिलं. तिला पाठ टेकायची होती, दुसरं काही नको होतं.

“आता समदी घरी जा,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. “मागं वळून बगू नका. आन् परत हिकडं येऊ नका.”

लोक उठले आणि एक शब्द न बोलता चालू लागले. रांगेतले लोकही वळले. प्रोफेसर मागून ओरडत होते, की उद्याही खेळ आहे, तिकीट निम्मं केलंय, पण वळून बघायला मनाई होती.

त्या रात्री गंगूआत्या कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी यमुनाबाईंनी हजेरीआधीच विमलाला उभं केलं.

“बाई, चार आण्यांचा आहे,” विमला म्हणाली. “आठ आणे घेतले तरी कमीच.”

वर्गात टाळ्या सुरू झाल्या. त्या थांबेपर्यंत विमला खाली बघत राहिली. मग तिनं बाकीचं सगळं सांगितलं, आणि खेळ बंद झाला हेही सांगितलं. प्रोफेसरांनी पहाटेच आरसे गोणपाटात गुंडाळले, असं इशरतनं काकाच्या हवाल्यानं जोडलं. टाळ्या वाजवलेल्या मुली आता विमलाकडे अशा बघू लागल्या, की आपण संमेलनात बोललोच नसतो तर बरं, असं तिला वाटलं.

“पण तो गृहस्थ सगळ्या वर्गाला फुकट दाखवणार होता ना?” यमुनाबाईंनी विचारलं. “लोक गेले तर गेले. तुला तर आरसे माहीत होते. तू मागे थांबून त्याच्याशी बोलायचंस.”

विमलानं एक पाय दुसऱ्या पायामागे लपवला.

“काका दारातच होते, बाई,” इशरत म्हणाली. “बाहेर पडताना सगळ्यांच्या पुढे हीच होती. आत्या मागे राहिली.”

यमुनाबाईंची नजर विमलाच्या चेहऱ्यावरून हळूहळू खाली गेली.

“आणि आज अनवाणी का आलीस?”

“चपला वखारीच्या दारात राहिल्या, बाई.”

“मग जाऊन घेऊन ये. दोन पावलांवर तर आहे.”

“नाही, बाई,” विमला अगदी बारीक आवाजात म्हणाली. “परत येऊ नका, असं सांगितलंय ना.”