पासवर्डची जादा किल्ली

'आपल्या खात्यात नवीन उपकरणावरून लॉगिन झाले आहे. ठिकाण : गाब्रोवो.'

सुरक्षा-प्रोग्रॅमचा हा इशारा वाचून रुमीयानाबाईंच्या तोंडचं पाणीच पळालं. खात्यात सातवीची गणिताची वार्षिक प्रश्नपत्रिका होती. ती फुटली तर चौतीस वर्षं शिकवून मिळवलेली अब्रू धुळीला मिळणार होती. आणि गाब्रोवो म्हणजे त्यांचंच गाव, चोर गावातलाच!

त्यांनी पासवर्ड बदलला, कागदावर लिहिला आणि आधीच्यासारखाच समोरच्या दारच्या पेंकाकाकूंना नेऊन दिला. त्या इमारतीत प्रत्येक घराची जादा किल्ली शेजारी असायची. मग पासवर्डची का नको?

"जपून ठेवा हं काकू. चोर लागलाय मागे."

"मुडदा बसवला मेल्याचा! दे इकडे."

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा इशारा. पुन्हा नवा पासवर्ड, पुन्हा कागद काकूंकडे. तिसऱ्या दिवशीही तेच! बाईंनी घाबरून प्रोग्रॅमवाल्यांना फोन लावला.

"पासवर्ड आणखी कुणाला माहीत आहे, मॅडम?"

"कुण्णाला नाही! पेंकाकाकू सोडून."

"त्या कोण?"

"शेजारीण."

"मग आधी त्यांनाच विचारा," पलीकडचा माणूस म्हणाला. बाई तशाच समोरच्या घरात शिरल्या.

"काकू, माझं खातं तुम्ही उघडता?"

"रोज!" काकू भाजलेल्या ढोबळ्या मिरच्या सोलत म्हणाल्या. "तू शाळेत असतेस तेव्हा माझ्या नव्या टॅब्लेटवर उघडते, सगळं जागच्या जागी आहे ना बघते, बंद करते. तू सुट्टीत समुद्रावर गेलीस की कुंड्यांना पाणी कोण घालतं गं?"

बाई थक्कच झाल्या. त्यांनी चौथा पासवर्ड ठेवला, तो कुणाला सांगितला नाही की कुठे लिहिला नाही.

"किल्ली काढून घेतलीस होय?" म्हणून काकूंनी दार लावून घेतलं. बाईंना फार वाईट वाटलं.

परीक्षेच्या सकाळी मुलं वर्गात बसली आणि बाईंना पासवर्ड आठवेना. पाच वेळा चुकल्यावर खातं बंद पडलं. त्यांनी पुन्हा फोन लावला.

"काळजी नको मॅडम. आता चोवीस तास कुणालाही शिरता येणार नाही."

"अहो, मलाच शिरता येत नाहीये!"

मुख्याध्यापक दिमोव सरांना घाम फुटला. "पासवर्ड कुणाकडे दिलाय?"

"कुणाकडेच नाही."

"कुणाकडेच नाही? शेजारणीकडेसुद्धा?" सरांचा विश्वासच बसेना. एवढा बेजबाबदारपणा त्यांनी कधी पाहिला नव्हता. त्यांनी तडक पेंकाकाकूंना फोन केला.

काकू घरच्या सपाता घालूनच आल्या, हातात वही घेऊन.

"नवा पासवर्ड मला कुठे दिलाय हिने?" त्या फुरंगटून म्हणाल्या. "पण गणितं सगळी उतरवून घेतलीत मी. दुपारी सोडवत बसायला बरी वाटतात."

बाईंनी त्यांना कडकडून मिठी मारली.

"पुरे पुरे. नववं गणित मात्र चुकलं होतं हं तुझं. बागेची रुंदी उणे वीस मीटर येत होती. मी नीट केलंय."

"वहीत ना?"

"वहीत काय! तुझ्या खात्यात, मंगळवारीच. का गं, एवढा बोंबलत होता तो तुझा प्रोग्रॅम, हे नाही सांगितलं त्यानं?"