भांडणमाळाचं बारसं कोणी केलं?

"माझ्या नजरेतून मुंगीसुद्धा सुटत नाही," असं घड्याळजी दुकानात येईल त्याला सांगत. बायको म्हणे, "खरंय. मुंगी तेवढी सुटत नाही, बाकी सगळं सुटतं."

वस्तीत काही हरवलं की शोधायला घड्याळजी पुढे. पण या खेपेला प्रकरण घरचंच होतं. पुतणीचं लग्न अडलं होतं. मुलाचा बाप, वस्तीच्या सीमेपलीकडच्या गावातला शिंपी, हट्टाला पेटला होता. "वस्तीचं नावच भांडणमाळ! तिथली सून आणून घराचा आखाडा करू?" पोरीचे डोळे रडून रडून सुजले होते.

"नावामागे काहीतरी थोर इतिहास असणार. आठ दिवसांत शोधतो!" घड्याळजींनी भिंग डोळ्याला लावलं आणि माळ पिंजून काढला. पहिल्याच दिवशी एक गंजकं पातं सापडलं. "तलवार! इथे दोन राजांचं युद्ध झालंय!"

"माझा विळा आहे तो," बायको म्हणाली. "आणा इकडे."

मग गोलात मांडलेले दगड दिसले. म्हणजे प्राचीन न्यायसभा! इथे भांडणं मिटत असणार! घड्याळजी गहिवरून एका दगडावर बसले. तेवढ्यात मेंढपाळ ओरडला, "ओ काका, उठा तिथून! मेंढरांना मीठ ठेवायचे दगड आहेत ते. परवाच मांडलेत."

सातव्या दिवशी बायको घराच्या उताऱ्यासाठी मोजणी कार्यालयात गेली. जाता जाता तिनं कारकुनाला विचारलं, "भाऊ, हे नाव पहिल्यांदा लिहिलं कोणी?" त्यानं मोजणीदाराची जुनी वही काढून दिली. इतकं सोपं होतं ते, मेलं!

दुसऱ्या दिवशी नवरा-बायको त्या वहीतल्या पानाची नक्कल घेऊन शिंप्याकडे गेले, पुतणीही सोबत होती. शिंप्यानं स्वतःच मोठ्यानं वाचलं: "माळास नाव नाही. रकाना कोरा ठेवण्याची मुभा नाही. दोन इसम झाडाच्या सावलीत कोणी बसावे यावरून सकाळपासून भांडत आहेत. सबब, भांडणमाळ." खाली साक्षीदार म्हणून त्याच दोन इसमांच्या सह्या होत्या. एक घड्याळजींचे आजोबा. दुसरे...

शिंप्यानं चष्मा काढून पुसला. पुन्हा वाचलं. "हे तर आमचे आजोबा!"

"मला पहिल्यापासून संशय होताच," घड्याळजी म्हणाले. बायकोनं नुसतं पाहिलं, तसं त्यांनी भिंग खिशात टाकलं.

"आता बोला, भावजी," ती शिंप्याला म्हणाली. "आखाडा कुणाच्या घरचा?"

शिंपी ओशाळून हसला. "वहिनी, हरलो. पोर आमची झाली. पण लग्न आमच्या हद्दीत!"

"वा रे वा! आमच्या हद्दीत!" घड्याळजी उसळले.

"आमच्या!"

"आमच्या!"

आणि आठवडाभर रडलेली पोर पोट धरून हसायला लागली.