नव्वद किलो उत्तम मैदा

चांगल्या पावाचे मूळ चांगल्या मैद्यात असते आणि चांगल्या मैद्याचे मूळ चांगल्या उपसमितीत. यातले पहिले सत्य गृहिणींना ठाऊक होते. दुसरे शोधून काढण्याचा मान मुलुंड पूर्वेच्या आमच्या स्नेहवर्धिनी सोसायटीकडे जातो. (खरे तर सेक्रेटरी या नात्याने माझ्याकडे, पण मी ते बोलून दाखवत नाही.)

साल १९८४. दुसऱ्या मजल्यावरच्या जानकीबाई परबांच्या यजमानांची, गुणाजीरावांची, कापडगिरणी संपात बंद पडली ती उघडलीच नाही. बाईंनी अॅल्युमिनियमचा गोल ओव्हन आणला आणि पाव भाजायला घेतला. नाक्यावरच्या कँटीनचे नंदकिशोर रोज वीस पाव घ्यायला तयार होते. अट एकच, दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी दाखवायचा नमुना छान फुगलेला हवा. पण वाण्याचा मैदा फुगायला राजी नव्हता. तो पाव गॅलरीतून खाली पडला असता, तर सोसायटीला कुणाच्या तरी इस्पितळासाठी वर्गणी काढावी लागली असती.

"सेक्रेटरीसाहेब," बाई म्हणाल्या, "दाणाबंदरच्या घाऊक बाजारातून चांगल्या मैद्याची अख्खी गोणीच आणूया ना. नव्वद किलो मला एकटीला झेपायचा नाही, आठ-दहा घरं वाटून घेऊ."

इतकी साधी गोष्ट इतक्या साधेपणाने करणे सहकाराच्या तत्त्वात बसत नाही. आम्ही ताबडतोब 'उत्तम मैदा सामूहिक खरेदी उपसमिती' नेमली. सदस्य सात, पैकी पीठ मळता येणारे शून्य (निःपक्षपातीपणासाठी). जानकीबाई लाभार्थी असल्याने त्यांना समितीत घेता येईना.

समितीने तेवीस नमुने तपासले. रंग पाहिला, वास घेतला, आणि समितीतल्या धोंडूकाकांच्या काळ्या कोटावर सांडून झटकता येतो का तेही पाहिले. मैदा मळून, गोळा ताणून पाहायचा असतो, असे जानकीबाईंनी दारातून ओरडून सांगितले. इतिवृत्तात त्याची नोंद 'बाहेरील व्यत्यय' अशी आहे.

ऑगस्टात गोणी आली. माल झकास होता. नारळ फोडला, हार घातला आणि सील करून गोणी ऑफिसात ठेवली. कारण वाटप माणशी करायचे की चौरस फुटांवर, हे सर्वसाधारण सभेने ठरवायचे होते. कोरम सोळाचा. पहिल्या सभेला नऊजण आले, दुसरीला सहा, तिसरीला मी. (जिन्यात विचारले तेव्हा सर्वांचा संपूर्ण पाठिंबा होता.)

प्रत्येक सभेची नोटीस फाटकावर आणि तिन्ही जिन्यांत चिकटवावी लागे. चिकटवायला खळ लागते आणि खळीला मैदा. ऑफिसच्या कामासाठी सील उघडण्याचा अधिकार मला आहे. त्या नोटिसा अशा बसल्या, की आजही खरवडून निघत नाहीत. मैदा उत्तम असल्याचा याहून भक्कम पुरावा समितीला मिळाला नाही.

दिवाळी झाली. रविवारी सकाळी जानकीबाई पातेले घेऊन ऑफिसात आल्या.

"साहेब, उद्या नमुना द्यायचाय. दोनच किलो द्या. हवं तर लिहून देते."

"गोणी तुमच्यासाठीच आणलीय, बाई," मी समजावले. "म्हणून तर तुम्हाला आधी देता येत नाही. लोक काय म्हणतील?"

त्यांनी टेबलावरच्या खळीच्या डब्याकडे पाहिले. "म्हणायला लोक यायला तरी नकोत का सभेला?" म्हणाल्या आणि गेल्या. मला वाईट वाटले. तशी नोंद आहे.

सोमवारी वाण्याच्याच मैद्याचा पाव गेला. नंदकिशोरांनी तो बोटाने दाबून पाहिला आणि परत दिला. गुणाजीरावांनी तो चार दिवस चहात बुडवून खाल्ला आणि रोज "मस्त झालाय गं" म्हटले.

डिसेंबरात चौथी सभा भरली. नोटिशीत 'बटाटेवडा' हा शब्द असल्याने एकेचाळीसजण आले. वाटप माणशीच करायचे, असे एकमताने ठरले. गोणी उघडली तर मैद्याला जाळी धरलेली. उपसमितीच्या अभिनंदनाचा ठराव झाला आणि मैदा कायमचा खळीकडे वर्ग केला.

आता तुम्ही हसताय. हसा. फक्त एक सांगा, जागेवरून न उठता. तुमच्या इमारतीच्या फाटकावर आज कसली नोटीस लागली आहे?

नाही ना आठवत? तरीच म्हटलं, आमच्या कोरमचे ते सोळाजण राहतात कुठे.